कमलिनी रद्दीत गेली त्याची गोष्ट

गेल्या दिवाळीत सगळी मंडळी आमच्याकडे होती. फराळ झाला, पत्ते झाले आणि दुपारी जो तो जागा मिळेल तिथे आडवा झाला. भाची तेवढी गॅलरीतल्या झोपाळ्यावर एक जाडजूड पुस्तक घेऊन बसलेली. तीनदा चहाला हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी मीच कप घेऊन गेले. पुस्तकाचं नाव 'फोर्थ विंग', रिबेका यारोस या अमेरिकन लेखिकेचं, २०२३ साली आलेलं. ड्रॅगनवर स्वार होऊन लढायला शिकवणारं एक कॉलेज, तिथे दाखल झालेली एक नाजूक हाडापेराची मुलगी, आणि ज्याच्याशी हाडवैर असायला हवं नेमका तोच मुलगा. भाचीची ही पाचवी खेप होती. या मालिकेतला तिसरा भाग, 'ऑनिक्स स्टॉर्म', जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा बाईसाहेबांनी ऑफिसात चक्क रजा टाकली होती. (ताई, तुला ठाऊक नसेल तर आता कळलं!) पहिल्या आठवड्यातच त्याच्या २७ लाख प्रती खपल्या असं तिनं मला सांगितलं, आणि तेही अशा सुरात की जणू छापखाना हिचाच.

मी कौतुकानं विचारलं, काय गं आहे एवढं त्यात? ती पाऊण तास सांगत होती. मी ऐकलं. आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हटलं, "म्हणजे शेवटी राजकन्या आणि राजपुत्रच ना?"

तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "जाऊ दे मावशी, तुला नाही कळायचं."

रागावली नव्हती, नुसतंच म्हणाली. पण मला चहा गिळवेना. कारण हेच वाक्य, याच सुरात, मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. ते म्हणणारी आमची आजी होती आणि तिच्या मांडीवरचं पुस्तक होतं 'चन्द्रकान्ता सन्तति'.

तर ही त्या पुस्तकाची गोष्ट. थोडी इतिहासाची, थोडी आमच्या घरची. घरच्या भागात एक कबुली आहे, ती शेवटाकडे येईल. आत्यानं ती वाचावी असं वाटतं, आणि वाचू नये असंही वाटतं.

आजी काशीची. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूला पेशवाईपासून मराठी घरं आहेत, त्यातलं एक तिचं माहेर. घरात मराठी, गल्लीत हिंदी, वडील पाठशाळेत शिकवायचे म्हणून कानावर संस्कृत. तिचा जन्म १९१५ चा. बारा-तेरा वर्षांची असताना शेजारच्या घरातून 'सन्तति'चा एक भाग तिच्या हाती लागला. पहिला नव्हे, सातवा! मग पाचवा, मग एकदम बारावा. वडील पहाटे घाटावर गेले की धुतलेल्या धोतरांच्या चळतीखालून पुस्तक बाहेर यायचं आणि त्यांच्या खडावा वाजल्या की परत आत. क्रमानं वाचायला मिळालंच नाही. त्यामुळे कोण कोणाचा वेष घेऊन आलंय हे तिला आधी कळायचं आणि तो मूळचा कोण हे वर्षभरानं. ती म्हणायची, "त्यातच तर गंमत होती. लेखकानं एक गोंधळ घातलेला, नि वर माझा एक."

आता ज्यांना चन्द्रकान्ता म्हटलं की फक्त दूरदर्शन आठवतं त्यांच्यासाठी थोडं मागे जाते.

लेखक बाबू देवकीनन्दन खत्री. जन्म १८६१ चा, बिहारमध्ये मुजफ्फरपूरकडे आजोळी. घराणं मूळ पंजाबातलं, काशीत स्थिरावलेलं. लहानपणी शिक्षण उर्दू-फारसीत, हिंदी-संस्कृत नंतर काशीला. तरुणपणी काही काळ गयेला व्यापार केला, टिकारी संस्थानाशी संबंध आला. मग काशीला परतल्यावर काशीनरेशांकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. म्हणजे लाकूडफाटा, जंगलमाल. आणि या कामासाठी हा माणूस वर्षानुवर्षं विंध्याच्या त्या डोंगरदऱ्यांतून हिंडला. धबधबे, गुहा, पडके किल्ले, बुजलेल्या विहिरी, झाडांनी गिळलेले वाडे. पुढे ठेका गेला. ठेका गेल्यावर लोक काय करतात? दुसरा ठेका शोधतात. यांनी कादंबरी लिहायला घेतली. १८८८ मध्ये 'चन्द्रकान्ता' छापून येऊ लागली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

गोष्टीतली गावं खोटी नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. नौगढ आहे. विजयगढचा किल्ला आज उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात उभा आहे. चुनारचा किल्ला गंगेकाठी मिर्झापूरजवळ. रोहतासगढ बिहारमध्ये, जमानिया गाजीपूर जिल्ह्यात. राज्यं कल्पनेतली, राजे कल्पनेतले, पण नकाशा खरा. आपल्याकडे कुणी सज्जनगड, अजिंक्यतारा आणि वासोटा यांच्यात एकेक भुयार टाकून वर एक प्रेमकथा रचावी, तसं. काशीच्या वाचकाला ही ठिकाणं जाऊन येण्याच्या टप्प्यातली होती. त्यानं जो किल्ला लांबून पाहिलेला, त्याच्या पोटात म्हणे असा तिलिस्म आहे!

गोष्टीचा सांगाडा साधा. नौगढचा राजपुत्र वीरेन्द्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चन्द्रकान्ता यांचं प्रेम. मध्ये दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह, ज्याला चन्द्रकान्ताही हवी आणि राज्यही. मग चुनारचा राजा शिवदत्त. पण खरी मजा या राजेरजवाड्यांत नाहीच, ती त्यांच्या ऐयारांत आहे. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, वैद्य, चोर आणि जिवलग मित्र, सगळं एका अंगरख्यात. कमरेला बटवा. त्यात वेष पालटायचं सामान, बेशुद्धीची औषधं, आणि शुद्धीवर आणायला लखलखा. एका ऐयारानं दुसऱ्याचा जीव घ्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. पकडा, फसवा, गाठोड्यात बांधून खांद्यावर टाकून न्या, पण मारू नका. वीरेन्द्रसिंहाचा तेजसिंह आणि चन्द्रकान्ताची चपला ही ऐयारांची जोडी मला तरी नायक-नायिकेपेक्षा जास्त आवडते. त्यांचंही आपसांत प्रेम आहे, फक्त त्यांना उसासे टाकायला वेळ मिळत नाही.

(आजी आमच्या घरात हे सगळं सर्रास वापरायची. आजोबा दुपारी घोरायला लागले की "लखलखा सुंघवा रे त्यांना." देवघराखालची एक फरशी डुगडुगत असे, तो आमचा तिलिस्म. आणि बेसनाचे लाडू चोरणारा धाकटा काका म्हणजे क्रूरसिंह. काका आज ऐंशीच्या घरात आहे, तरी आम्ही भावंडं त्याच्यामागे त्याला तेच म्हणतो. तोंडावर नाही.)

ऐयार आणि तिलिस्म हे दोन्ही शब्द बघा. एक अरबी, दुसरा ग्रीकमधून अरबी-फारसीत आलेला. इंग्रजीतला टॅलिसमन तो हाच. म्हणजे खत्रींनी हे आणलं उर्दू-फारसी दास्तानींच्या जगातून. लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं त्याच सुमारास, १८८३ पासून, 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे अवाढव्य खंड छापायला सुरुवात केली होती. ती अमीर हमजाच्या दास्तानीची शाखा. मूळ तोंडी सांगायची गोष्ट, चौकात आणि हवेलीत रात्र-रात्र चालणारी. त्यातला अमर ऐयार आणि त्याची कधीच न भरणारी झंबील म्हणजे आपल्या तेजसिंहाच्या बटव्याची आजीच. ही संपूर्ण दास्तान छापून झाली तेव्हा तिचे ४६ खंड झाले. सेहेचाळीस! आमच्या भाचीला तीन भागांनी रजा टाकावी लागते.

पण खत्रींनी एक मोठा बदल केला. दास्तानीत जादू असते, जिन असतात, जादूगारांच्या फौजा असतात. चन्द्रकान्तेत जादू नाही. तिलिस्म म्हणजे कुण्या जुन्या राजानं बांधून घेतलेला यंत्रांचा वाडा. खजिना आत आणि त्याभोवती कळी, खटके, दारू, तारा, औषधी धूर. भूत दिसलं तर पन्नास पानांनी त्याचा खुलासा होणार. 'सन्तति'मध्ये एक तिलिस्मी खंजीर आहे. त्याची मूठ दाबली की लख्ख उजेड पडतो, आणि नुसता अंगाला टेकवला तरी माणूस झटका बसून कोसळतो. सोबतची अंगठी ज्याच्या बोटात असेल त्याला काही होत नाही. १८९० च्या दशकातल्या काशीत हा माणूस सरळसरळ वीज घेऊन गोष्ट सांगतोय. लोकांनी तेव्हाही विचारलंच, की असं कुठे असतं का? त्यावर त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रेल्वे आणि तारायंत्र येण्याआधी त्यांच्याबद्दल सांगितलं असतं तर तुम्ही हेच म्हणाला असतात.

आता मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट. ती गोष्टीतली नाही, गोष्टीच्या वाचकांची आहे.

हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात हे वाक्य हमखास असतं, की चन्द्रकान्ता वाचण्यासाठी असंख्य लोक हिंदी शिकले. मी कॉलेजात हे ऐकलं तेव्हा वाटलं, जाहिरात असणार. कुणी गोष्ट वाचायला भाषा शिकतं का? पुढे कळलं, की यात 'भाषा शिकले' याचा अर्थ मुख्यतः 'लिपी शिकले' असा आहे. बोली तर तीच होती. खत्रींची भाषा म्हणजे बाजारात, कचेरीत, बैठकीत जी चालायची ती हिंदुस्तानी. कोश उघडायला लागू नये हा त्यांचा हट्टच होता. उर्दू शिकलेल्या माणसाला ती वाचून दाखवली तर अडत नव्हती. अडत होती ती अक्षरं.

आणि अक्षरं का येत नव्हती? कारण ती येऊन उपयोग नव्हता. त्या प्रांतात कंपनी सरकारनं १८३० च्या दशकात कचेऱ्यांतली फारसी काढली आणि तिच्या जागी देशी भाषा आणली, पण फारसी लिपीतली. त्यामुळे कारकुनी, वकिली, मुन्शीगिरी, ज्याला पोट भरायचं त्यानं फारसी लिपी शिकायची. कायस्थ, खत्री, काश्मिरी पंडित, सगळी शिकलेली घरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच लिपीत लिहीत होती. नागरी म्हणजे भटजींची, पोथ्यांची, फार तर बायकांची. आपल्याला हे पटकन कळत नाही. आपल्याकडे मोडी आणि बाळबोध या जोडीनं नांदल्या, एक हिशेबाला, एक पोथीला आणि छापायला, पण त्यांच्यात भांडण नव्हतं. तिकडे होतं आणि कडाक्याचं होतं. १८९३ मध्ये काशीतच क्वीन्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी नागरी प्रचारिणी सभा काढली. सभा झाल्या, अर्ज झाले, मदनमोहन मालवीयांनी सरकारला निवेदनं दिली. अखेर एप्रिल १९०० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर मॅकडॉनेल यांनी कचेऱ्यांत नागरीला परवानगी दिली. त्यावरूनही मोठा वाद झाला, आणि त्याचे ओरखडे पुढे पन्नास वर्षं वाहत राहिले.

पण हे १९०० साल. चन्द्रकान्ता आली १८८८ मध्ये. म्हणजे मधली बारा वर्षं जो कोणी मुन्शी, जो कोणी वकिलाचा कारकून रात्री कंदिलाखाली बसून 'क', 'ख' गिरवत होता, त्याला त्यातून बढती मिळणार नव्हती की पगार वाढणार नव्हता. त्याला फक्त तेजसिंह त्या खोऱ्यातून सुटला का, एवढंच कळणार होतं. धर्मासाठी नाही, भाषाभिमानासाठी नाही, नोकरीसाठी तर नाहीच. लिपीच्या त्या सगळ्या भांडणात हा एकच माणूस मला निर्मळ वाटतो.

शंका घेणाऱ्यांसाठी साक्षीदार आहे, आणि तो विरोधी पक्षाचा आहे म्हणून मला जास्त पटतो. आचार्य रामचन्द्र शुक्ल. १९२९ चा त्यांचा 'हिन्दी साहित्य का इतिहास' म्हणजे हिंदीतला शेवटचा शब्द समजला जातो. शुक्लजींनी खत्रींना साहित्यात बसवायला स्वच्छ नकार दिला. यात नुसत्या घटना आहेत, रस नाही, स्वभावचित्रण नाही, हे किस्से आहेत, असं त्यांचं मत. आणि त्याच ठिकाणी ते असंही नोंदवतात, की जितके वाचक या माणसानं हिंदीला मिळवून दिले तितके दुसऱ्या कुणीही दिले नाहीत, आणि कितीतरी उर्दूवाले यापायी हिंदी शिकले. म्हणजे जेवण आमच्या पंक्तीतलं नाही, पण गाव जेवलं ते याच्याच घरी! ज्याला पुस्तक आवडलेलं नाही तो माणूस असं लिहितो, तेव्हा ते खोटं असण्याचं कारण मला दिसत नाही. स्वतः खत्रींनी 'सन्तति' संपवताना मागे वळून पाहिलंय. त्यांचा आशय असा, की मी सुरुवात केली तेव्हा हिंदीला लेखक होते पण गिऱ्हाईक नव्हतं, आता गिऱ्हाईक आहे. व्यापाऱ्याचा शब्द आहे, पण हिशेब बरोबर आहे.

या वेडाचं मला सगळ्यात आवडणारं चित्र मात्र खुद्द चन्द्रकान्तेचं नाही, होशरुबाचं आहे. गोरखपूर, १८९३ च्या आसपास. तेरा वर्षांचा एक पोरगा बुद्धिलाल नावाच्या पुस्तकवाल्याच्या दुकानात बसून कादंबऱ्यांचा फडशा पाडतोय. पण दुकानात दिवसभर बसता येईना. मग त्यानं युक्ती काढली. दुकानातल्या इंग्रजी पुस्तकांच्या कुंज्या आणि नोट्स न्यायच्या, शाळेतल्या मुलांना विकायच्या, आणि त्या बदल्यात कादंबऱ्या घरी न्यायच्या. शेकड्यानं वाचल्या त्यानं अशा. तिलिस्म-ए-होशरुबाचे खंडच्या खंड वाचले, रेनॉल्ड्सच्या लंडनच्या भानगडींची उर्दू भाषांतरं वाचली. या पोराचं नाव पुढे प्रेमचंद झालं. 'गोदान' लिहिणारा, शेतकऱ्याच्या फाटक्या घोंगडीची गोष्ट सांगणारा लेखक लहानपणी ऐयारांवर वाढला होता, आणि हे त्यानं स्वतःच्या आठवणीत अजिबात न लाजता लिहून ठेवलंय.

आपल्याकडे काय चाललं होतं? आपण तोवर या वळणावरून पुढे गेलो होतो, किंवा गेलो असं समजत होतो. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' त्याच दशकातली. राजकन्या, वियोग, योगायोग, सगळा तोच सरंजाम. बनारसमध्ये चन्द्रकान्तेचे भाग निघत होते तेव्हा पुण्यात १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' येऊ लागली. एकीकडे तिलिस्मात अडकलेली राजकन्या आणि दुसरीकडे सोवळ्याओवळ्याच्या घरात अडकलेली यमू. मी एम.ए.ला असताना या दोन गोष्टी शेजारी ठेवून फार अभिमानानं बोलत असे. आपण वास्तववादी, ते अद्भुतात रमलेले. आजी एकदा पेपर बाजूला ठेवून म्हणाली, "यमूला एक ऐयारा मैत्रीण असती तर सुटली असती." मी हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

आता 'सन्तति'कडे. चन्द्रकान्तेचे चारच भाग. ते संपल्यावर वाचकांचं भागेना. खत्रींनी १८९४ पासून पुढची पिढी काढली, वीरेन्द्र-चन्द्रकान्तेचे दोन मुलगे इन्द्रजितसिंह आणि आनन्दसिंह. आणि ही गोष्ट दहा वर्षांहून जास्त चालली, चोवीस भाग! मधल्या काळात, १८९८ मध्ये, स्वतःचा छापखाना टाकला. त्याचं नाव लहरी प्रेस. आजीची कमलिनी यातली. घोड्यावर बसणारी, तो विजेचा खंजीर बाळगणारी, स्वतःच्या तळ्यातल्या घरात एकटी राहणारी, आणि जिच्याविरुद्ध लढते आहे ती मायारानी तिची बहीण. कमलिनीची मैत्रीण तारा. ही तारा खरी कोण हे मी सांगणार नाही. कुणाला वाचायची असेल तर तेवढं तरी राखून ठेवते. आजीनं ते तेरा वर्षांच्या वयात उलट्या क्रमानं आधीच वाचलं होतं, आणि ही हळहळ तिला म्हातारपणापर्यंत होती.

आणि भूतनाथ. ऐयारच, पण काळ्या भूतकाळाचा. चांगला की वाईट हे शेवटच्या भागापर्यंत ठरत नाही. त्याचा न्याय राजासमोर होतो आणि तो कबूल करतो, की माझी जीवनकथा मी लिहून देईन. वाचकांनी अर्थातच ते वचन लेखकाचं धरलं. १९०७ च्या सुमाराला 'भूतनाथ' सुरू झालं. सहा भाग लिहून झाले आणि १९१३ मध्ये खत्री गेले, अवघे बावन्न वर्षांचे. विचार करा, वाचकांचं काय झालं असेल! पुढचे भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी लिहिले, एकूण एकवीस केले. सातव्या भागापासून हात बदललाय हे ओळखू येतं की नाही यावर आजी आणि तिच्या भावाची पोस्टकार्डं चालायची, काशी ते सातारा. भाऊ म्हणे ओळखू येतं. आजी म्हणे, "नाव झाकून दे, मग सांग."

सोळाव्या वर्षी लग्न होऊन सातारला आली तेव्हा याच भावानं तिला 'सन्तति' पूर्ण घेऊन दिली होती. चोवीस भाग, सहा खंडांत बांधलेले. रुखवतात मांडले नाहीत, ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली आले. सासरी हिंदी येणारं कुणी नव्हतं, त्यामुळे धोतराखाली लपवायची गरज उरली नाही. वाचणारी ती एकटीच. बोलायला कुणी नाही. साठ वर्षं ती ते सहा खंड फिरूनफिरून वाचत होती.

१९९४ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी नीरजा गुलेरींची 'चन्द्रकान्ता' आली आणि आजीच्या आयुष्यात पहिल्यांदा घरातले सगळे तिच्याजवळ येऊन बसले. क्रूरसिंह झालेल्या अखिलेन्द्र मिश्रांच्या भुवया, त्याचं 'यक्कू', सगळी गल्ली ओरडायची. इरफान खान त्यात बद्रीनाथ झाला होता, हे आज सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही. एकोणऐंशी वर्षांची आजी पहिल्या ओळीत, चष्मा पुसून. आणि प्रत्येक एपिसोडनंतर भांडायची! टीव्हीशी, आमच्याशी. "हे असं कुठे आहे? ही नागीण कुठून आली? त्यानं जादू ठेवली नव्हती रे, खटके ठेवले होते." पुढचा रविवार आला की पुन्हा पहिल्या ओळीत. मला त्या दिवसांत वाटायचं, हिला एवढा राग येतो तर बघते कशाला. भाची आता ड्रॅगनच्या मालिकेच्या नुसत्या बातमीवरून जशी चवताळते, ते बघून कळलं की बघायचं ते त्यासाठीच असतं.

त्याच दिवसांत कधीतरी मी तिला विचारलं होतं, आजी, इतकं वाचलंस आयुष्यात, पुन्हापुन्हा हेच काय? आणि वर शुक्लजींचं मत ऐकवलं. तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे बाई, तुला नाही कळायचं."

आता कबुली.

१९९९ मध्ये सातारचा वाडा सोडला. आवराआवर माझ्याकडे होती, कारण पुस्तकांतलं कळणारी मी. माळ्यावरच्या ट्रंका मी एका दुपारी निकालात काढल्या. हरिभाऊ ठेवले, ज्ञानकोशाचे सुटे खंड ठेवले, 'मनोरंजन'चे काही अंक ठेवले. 'सन्तति'ची पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पुठ्ठे सुटलेले. मला वाटलं, चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता कुठे वाचतेय. रद्दीवाला खाली उभाच होता. वजनात गेले सहा खंड. पाच नव्हे, सहा असंच मी तेव्हा समजत होते.

नव्या फ्लॅटवर आल्यावर आठवडाभरानं आजीनं विचारलं, "माझी कमलिनी कुठे ठेवलीस गं?"

मी म्हटलं, आत्यानं वाचायला नेलीय.

आत्या, तुला हिंदी वाचायचा कंटाळा आहे हे आजीला माहीत होतं. तरी तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "वाचू दे. सावकाश वाच म्हणावं." त्यानंतर दोन वर्षं ती होती. तू आलीस की तुझ्याकडे बघायची, मी मध्ये पडून काहीतरी दुसरंच काढायची. तुला एकदा तिनं विचारलंही होतं, "कुठवर आलीस?" आणि तू समजलीस की ती प्रवासाचं विचारतेय, म्हणालीस, "आत्ताच, स्टँडवरून रिक्षानं." सगळे हसले. आजीही हसली. मी स्वयंपाकघरात गेले.

२००१ मध्ये ती गेल्यावर तिच्या गादीखाली तिसरा खंड सापडला. भाग नऊ ते बारा. म्हणजे मी ट्रंक उपसली त्याआधीच तो तिनं खाली आणून ठेवला होता, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी वाचत होती. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक रेघा, पाच-पाचच्या जुड्या. मी मोजल्या, एकेचाळीस. एवढ्या वेळा तो खंड वाचून झाला होता.

तो माझ्या कपाटात आहे. भाचीला दाखवला, दिवाळीतच, संध्याकाळी. तिनं रेघा पाहिल्या आणि आपला फोन काढून मला दाखवला. तिनंही कुठल्याशा ॲपवर टिपून ठेवलंय, कोणतं पुस्तक कितव्यांदा. मग तिनं पहिलं पान वाचायचा प्रयत्न केला. इंग्लिश मीडियमची पोर, देवनागरी वाचते ती रस्त्यावरच्या पाट्यांपुरती. दोन ओळींनी दमली. मी मनात म्हटलं, चला, आता ही अक्षरं गिरवणार आणि इतिहासाची पुनरावृत्ती होणार. कसलं काय. पंधरा मिनिटांत तिनं फोनवर कुणीतरी मोठ्यानं वाचलेली चन्द्रकान्ता शोधून काढली, कानात बोळे घातले आणि झोपाळ्यावर जाऊन बसली. लखनौच्या चौकात दास्तान ऐकायला बसायचे ते तरी दुसरं काय करत होते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. चन्द्रकान्ता संपली, सन्ततिच्या चौदाव्या भागात आहे, आणि भूतनाथावर तिचा काडीचा विश्वास नाही. मी नवीन छापलेला संच मागवला होता तो सावकाश वाचतेय, माझा आठवा चाललाय. ती तारेबद्दल काहीतरी सांगायला लागली, तशी मी ओरडले आणि फोन ठेवून दिला.